अळीचं औषध विकणाऱ्याच्या घरची रुई

अमळनेरला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. जूनपासून दिवाळीपर्यंत काउंटरवर दिवसभर एकच विषय चालतो, तो म्हणजे अळी. बोंडअळी, लष्करी अळी, शेंडे पोखरणारी अळी. कुणी पान तोडून आणतो, कुणी मोबाइलवर फोटो दाखवतो, कुणी नुसतं वर्णन करतो आणि आपण ओळखायची. संध्याकाळी शटर ओढून घरी गेलो की मात्र मी कंपाउंडच्या भिंतीलगतच्या रुईची पानं उलटी करकरून बघतो, की अळ्या आहेत ना, जिवंत आहेत ना. बाजारातल्या मित्रांना हे कळल्यापासून माझी जी चेष्टा चालली आहे ती थांबायचं नाव घेत नाही. चेष्टा करोत बापडे. पण त्यातल्याच दोघांनी नंतर हळूच रुईची फांदी मागून नेली, तेव्हा हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आमचं घर गावाच्या कडेला, बोरी नदीच्या बाजूला. शेजारचा प्लॉट कित्येक वर्षं पडीक होता. त्यावर रुई, तरोटा, घाणेरी आणि एक वाकडी बाभूळ. तिकडे आम्ही कधी लक्ष दिलं नाही. घरातलं कोणी गेलंच तर शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं तोडायला. मग प्लॉट विकला गेला, नव्या मालकाने जेसीबी लावला आणि दुपारपर्यंत जमीन सपाट. त्याचं काही चुकलं नाही, घर बांधायचं तर जागा साफ करावीच लागते. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या अंगणातली केशरी फुलपाखरं दिसेनाशी झाली. मुलगी तेव्हा आठवीत होती, हे आधी तिच्याच लक्षात आलं.

हे केशरी फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. केशरी-तपकिरी पंख, पुढच्या पंखाची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा. उडतं अगदी आरामात, घाई कसली ती नाहीच, कारण पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. अळी असताना रुईचा कडू चीक पोटात गेलेला असतो, तो कडवटपणा फुलपाखराच्या अंगात उतरतो. मादी अंडी घालते ती रुईवर किंवा रुईच्या भावकीतल्या वेलींवर. दुसऱ्या कुठल्या झाडावर अळी सोडली तर ती उपाशी मरेल, पण पान खाणार नाही.

मुलीने कुठेतरी अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांबद्दल वाचलं होतं. मोनार्क हा आपल्या बिबळ्या कडव्याचा सख्खा चुलत भाऊ, दोघंही डॅनॉस याच कुळीतले. लाखोंच्या संख्येने ती हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरांत जातात आणि तिथल्या फरच्या झाडांना लगडून बसतात. त्यांची संख्या फार घटली म्हणून तिकडे लोक परसात मिल्कवीड लावतात, म्हणजे त्यांच्याकडची चीक असलेली झुडपं. मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्याकडचं मिल्कवीड कुठे मिळेल?" मी तिला शेजारच्या सपाट प्लॉटकडे बोट दाखवलं.

नर्सरीत विचारलं तर त्यांनी 'बटरफ्लाय प्लांट' म्हणून हळदीकुंकू काढून दिलं. लाल-पिवळ्या फुलांचं हे छोटं झुडूप बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दिसायला सुरेख, कुंडीत मावतं, आणि बिबळ्या कडव्याच्या अळ्या ते आवडीने खातात. पण ते मूळचं अमेरिका खंडातलं, तिथून जगभर पसरलेलं. ओलाव्याच्या जागी, पाटाच्या कडेला आपोआप वाढतं. तिकडच्या उबदार भागांत ते हिवाळ्यात वाळत नाही आणि मोनार्कचा एक परजीवी त्याच्या पानांवर साठत जातो, म्हणून ते दरवर्षी छाटून टाका असं तिथले लोक सांगतात. मुलीच्या हट्टापायी दोन रोपं आणली. त्यावर अंडी पडली, अळ्या निघाल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळ्या पडून खाली. मी या धंद्यातला माणूस, लगेच नर्सरीत फोन लावला. रोपांना इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी दिली होती, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं होतं, म्हणाले. हे औषध मुळातून झाडभर फिरतं, पानात जातं, परागात जातं, मकरंदात जातं. कपाशीच्या बियाण्याला ते चोळतात ते त्याचसाठी. फुलपाखराचं झाड म्हणून विकायचं आणि त्यालाच विष पाजायचं, याला काय म्हणावं? कुणी नर्सरीतून रोप आणणार असाल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

शिवाय हळदीकुंकवाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, दुपारी कावळासुद्धा तोंड उघडं टाकून बसतो. त्या उन्हात हिरवंगार उभं राहणारं, पाण्यावाचून फुलणारं आणि फुकट मिळणारं एकच झाड आहे. तेव्हा ठरलं, रुईच.

खरी अडचण घरातूनच आली. माझी माय म्हणाली, "हाई रुई घरमा कसाले आनी राह्यना? उजाड जागावर उगस ती, तिले कोनी लावत नही." तिचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. ज्या दारात रुई उगवली ते घर ओस पडलं, असं आपल्याकडे मानतात, आणि पडक्या घरात रुई उगवतेच, तेव्हा कारण आणि परिणाम उलटे बांधले गेले असावेत. पण त्याच रुईची माळ मारुतीला चालते. रथसप्तमीला तिचीच सात पानं डोक्यावर ठेवून आंघोळ करतात. पांढरा मांदार तर गणपतीचं झाड. मी मांदाराचं नाव काढल्याबरोबर माय नरमली. "मांदार व्हई ते लाव मंग." असा तह झाला, की मांदार पुढे गेटजवळ, जांभळी रुई मागे भिंतीलगत.

रुई दोन जातींची असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं शेतीच्या धंद्यात असून माहीत नव्हतं. एकीच्या पाकळ्या ताठ वर, कपासारख्या मिटलेल्या आणि टोकाला गडद जांभळ्या. फळ गुबगुबीत, आंब्याएवढं. दुसरीच्या पाकळ्या पसरट, मागे वळलेल्या, फिक्या जांभळ्या किंवा पांढऱ्या. मांदार म्हणतात तो या दुसरीचा पांढरा प्रकार. झाडही हिचं जास्त उंच. अळीला दोन्ही चालतात.

बी धरायचं तर फळ फुटायच्या बेतात असताना गाठावं लागतं. फळ पिवळसर पडलं आणि शिवणीवर चीर दिसू लागली की तोडायचं. आणखी एक-दोन दिवस थांबलात की म्हाताऱ्या उडाल्या, मग गावभर शोधा. उघडलेलं फळ आतून बघण्यासारखं असतं. मधोमध एक पांढरा दांडा, त्यावर तपकिरी चपट्या बिया खवल्यांसारख्या एकमेकींवर रचलेल्या, आणि प्रत्येकीचं रेशीम ओलसर, घट्ट मिटलेलं. अशा वेळी अख्खा गठ्ठा चिमटीत धरून बिया खरवडल्या की रेशीम हातात राहतं आणि बी सुटतं. रेशीम वाळून फुललं की मग हे काम पंखा बंद करून, दार लावून करावं लागतं. आमच्याकडे एकदा फुललेल्या फळाची पिशवी ओट्यावर सुटली आणि पुढचे कित्येक दिवस वरणात रेशीम सापडत होतं.

रुईचं बी झोपून राहत नाही. ताजं बी, वर जेमतेम बोटाच्या पेराएवढी माती, दिवस उष्ण असले तर आठ-दहा दिवसांत अंकुर. रुई पहिल्यापासून खाली सोटमूळ सोडते, म्हणून पसरट कुंडी कामाची नाही, लांब काळी पिशवी हवी, आणि रोप चार-सहा पानांवर आलं की जागेवर लावून मोकळं व्हायचं. उशीर केला की मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसतं. फांदीपासून काम आणखी सोपं. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी तोडायची, पानं काढायची, सावलीत ठेवून चीक वाळू द्यायचा आणि मग लावायची. ओला चीक गळत असताना लावलेली फांदी बहुधा सडते.

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चिखल. रुईला कोरडेपणा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. भिंतीलगत मुरूम टाकून वाफा उंच केला. खत काही दिलं नाही. दुकानात खतांच्या गोण्या पडलेल्या असताना न देणं जड गेलं, पण ज्या झाडाला डांबरी रस्त्याच्या फटीत जगता येतं त्याला डीएपी घालून काय करायचं?

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. काटा रुतला तर जुनी माणसं त्यावर रुईचा चीक लावतात, त्यामुळे तो औषधी आहे अशी एक बेफिकिरी असते. डोळ्यात गेला तर बुबुळाचा पारदर्शक पडदा सुजतो, धुरकट दिसू लागतं, आणि फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला फार दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. छाटणी करताना चष्मा घाला, काम झालं की हात साबणाने धुवा. गेलाच डोळ्यात तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

बियांच्या रोपांना पहिल्या वर्षी फुलं येत नाहीत, पण फुलपाखराच्या मादीला फुलांचं घेणंदेणं नसतं, तिला कोवळं पान हवं. रोपं गुडघ्याला लागायच्या आतच ती आली. पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान ठोकून बघते, खात्री पटली की पोट वाकवून पानाच्या खाली एकच अंडं चिकटवते आणि उठून दुसऱ्या पानावर. एका पानावर ढीग घालत नाही. अंडं साधारण मोहरीहून बारीक, पांढरट चकचकीत, उभट आणि त्यावर वरपासून खालपर्यंत नाजूक रेघा. भिंगातून बघा, मजा येते. तीनेक दिवसांत त्याचं टोक काळं पडतं, ते अळीचं डोकं. बाहेर आली की ती पहिल्यांदा स्वतःचं टरफल खाते.

मग जे घडतं त्यासाठी मी मुलीबरोबर अक्षरशः उकिडवा बसून राहिलो आहे. रुईचं पान कुठेही टोचलं तरी चीक भळभळून येतो. एवढीशी अळी त्यात पहिल्याच घासाला चिकटून मरायला हवी. ती काय करते, तर आधी पानावर एक अर्धगोल चर कुरतडते. थोडं कुरतडते, थांबते, तोंड पानावर पुसते, पुन्हा कुरतडते. चराच्या कडेला चिकाचे थेंब जमतात, ओघळतात, वाळतात. चर पूर्ण झाला की आतल्या तुकड्याला येणारा चीक तुटलेला असतो. मग ती आत जाऊन निवांत खाते. मोठी झाली की याहून धीट काम. सरळ पानाच्या मधल्या शिरेलाच चावे घेते, पान लुळं पडून लोंबतं आणि मग टोकाकडून फस्त. कुणी शिकवलं तिला? आमच्या दुकानात येणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींपेक्षा तिला झाडाची रचना जास्त कळते, असं मी एकाला बोलून दाखवलं. त्याला ते आवडलं नाही.

अळी दिसायला थाटाची. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या, एक पुढे, एक मध्ये, एक मागे. दोन आठवड्यांत बोटभर होते. या काळात झाडाची दशा बघवत नाही. शेजारच्या वहिनी येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचं औषधाचं दुकान ना? मग झाडांची ही अवस्था?" आता यांना कसं सांगायचं, की ही झाडं खायला घालायलाच लावली आहेत.

औषधाचा मोह मलाही झाला, पण अळीमुळे नाही. पावसाळा सरता सरता शेंड्यांवर मावा आला. पिवळाजर्द, काळ्या पायांचा, शेंडा झाकून टाकणारा. हा रुई-कण्हेरीवरचाच मावा, कपाशीवर जाणारा नव्हे. हात आपोआप कपाटाकडे गेला, कारण तीस-चाळीस नावं तर तोंडपाठ. पण एकेक आठवत गेलो तसं कळलं की मावा मारून अळीला सोडेल असं कपाटात काही नाही. आंतरप्रवाही औषध पानात उतरणार आणि पानासोबत अळीच्या पोटात. निंबोळी अर्क सौम्य म्हणून आपण खपवतो, त्यानेही अळीची कात टाकणं बिघडतं. बीटी या जिवाणूची पावडर तर खास फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांसाठीच बनवलेली. शेवटी नळीने पाण्याचा जोराचा फवारा मारला, उरलेला बोटांनी पुसला. बाकीचं काम ढालकिड्यांनी केलं. मावा आला की तो खाणारे येतात, हे मी शेतकऱ्यांना बोलून दाखवत असे, पण आपल्याच झाडावर थांबून बघायला जो धीर लागतो तो धंद्यात कुणाकडेच नसतो. ना माझ्याकडे, ना गिऱ्हाइकाकडे.

माव्यापेक्षा त्रास दिला तो रंगीत टोळाने. पिवळ्या अंगावर निळे पट्टे, लालसर पंख, जणू कुणी रंगवून ठेवलाय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे रुईवर टोळीने बसतात आणि पानासकट देठाची सालही सोडत नाहीत. रुई संपली की आजूबाजूच्या भाजीपाल्यावर वळतात, आमच्याकडे बायकोच्या वांग्यांवर गेले आणि घरात वातावरण तापलं. सकाळी लवकर, गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा झटकून बादलीत पाडता येतात. खाऊन उजाड झालेलं झाड मी गुडघ्याइतकं छाटून टाकतो. आठवडाभरात कोवळी फूट येते आणि मादीला तीच हवी असते. सगळी झाडं एकदम छाटायची नाहीत, एकाआड एक छाटायची, म्हणजे कोवळं पान कायम शिल्लक राहतं.

याच सुमारास एक ओळखीचा शेतकरी पाण्याच्या बाटलीत अळी घेऊन दुकानात आला. कपाशीच्या बांधावर सापडली होती. "भाऊ, हाई अळी जबरी दिसी राह्यनी. कोनतं औषध मारू?" बाटलीत बघितलं तर आपलीच पट्टेवाली. मी विचारलं, बांधावर रुई आहे का? होती. त्याला सांगितलं की ही कपाशीला तोंड लावणार नाही, उपाशी मरेल पण खाणार नाही, पैसे वाचव. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. कृषी केंद्रवाला औषध नको म्हणतोय, म्हणजे स्टॉक संपला असणार! मग म्हणाला, "मंग मावाले काय मारू?" ते दिलं.

सगळ्या अळ्या फुलपाखरं होत नाहीत, हे मुलीला पटायला वेळ लागला. मुंग्या अंडी नेतात, कोळी लहान अळ्या नेतात, आणि एक माशी अळीवर अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात. अशी अळी छान वाढते, कोषाच्या तयारीने उलटी लटकते, आणि मग मऊ पडून तिच्यातून धाग्याने लोंबकळत पांढरे किडे खाली उतरतात. मुलीने काही अळ्या घरात बरणीत आणून वाढवल्या. बरणीचं काम नेटाचं आहे. रोज ताजं पान, रोज विष्ठा साफ, तोंडाला जाळीचं कापड, गर्दी करायची नाही. नाहीतर बुरशी धरते. एक हंगाम केलं, मग आम्ही ते सोडलं. जगतील त्या जगतील. अळीवर जगणारी माशीदेखील याच अंगणातली.

कोष मात्र शोधावा लागतो, कारण अळी बरेचदा रुई सोडून चालायला लागते. आम्हाला मिळाले ते दोरीवर, कुंडीच्या काठाखाली, एकदा सायकलच्या कॅरिअरला. हिरवळीत असला तर कोष फिका हिरवा, भिंतीवर-लाकडावर असला तर गुलाबीसर, आणि वरच्या अंगाला सोनेरी-काळ्या मण्यांची बारीक रेघ. आठ-दहा दिवसांनी आतले केशरी पंख बाहेरून दिसू लागले की समजायचं, उद्या सकाळी निघणार. सायकल त्या आठवड्यात जागची हलली नाही, मुलगी शाळेत चालत गेली. नर की मादी हेही ओळखता येतं. मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. त्यातला चौथा जरा फुगीर, ती त्याची गंधाची पिशवी.

त्या पिशवीसाठी नराला जो कच्चा माल लागतो तो रुईत नसतो. तो भुरुंडीच्या वाळलेल्या झाडात, तागात, खुळखुळ्यात असतो. आपल्याकडे केळीच्या आधी हिरवळीचं खत म्हणून ताग पेरतात, गाडतात. तागाचं बी मी कितीतरी वर्षं विकतोय, पण वाळलेल्या तागाच्या दांड्यांवर कडवे घोळक्याने बसून काय करतात ते कधी विचारलं नव्हतं. नर तिथून कडू द्रव्य ओढून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा वास तयार करतात. आता मूठभर ताग मागच्या कोपऱ्यात टाकतो आणि तो वाळला तरी उपटत नाही.

दुसऱ्या वर्षी रुई फुलली आणि काळे भुंगे आले. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत लाकडाला बोट जाईल एवढी गोल भोकं दिसतात, ती यांचीच. अंग काळं कुळकुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक, आवाज मोठा, पण सहसा वाटेला जात नाहीत. रुईचा पराग पावडरीसारखा सुटा नसतो. त्याच्या पिवळ्या मेणचट जोडपिशव्या असतात आणि भुंगा फुलावर चालताना त्या चिमट्यासारख्या त्याच्या पायात अडकतात. पुढच्या फुलावर बरोबर खाचेत बसल्या तर फळ धरतं. म्हणून रुईला फुलांचे घोस भरमसाट आणि फळं मोजकी. लहान माशी यात अडकली तर कधीकधी तिथेच मरते, हे काम अंगात जोर असलेल्याचं.

बायकोचा रुईवरचा राग निवळला तो या भुंग्यांमुळे. वांग्याच्या फुलातला पराग नळीत बंद असतो, टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो आणि पराग झडतो. वांगं वाऱ्यानेही धरतं, पण भुंग्याने हलवलेलं फूल चांगलं धरतं. साधी मधमाशी हे करू शकत नाही. ज्या जळगाव जिल्ह्याच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या माणसाला भुंग्याचं एवढं एक काम माहीत असायला हरकत नाही. वांगं वर्षभर फुलत नाही, भुंग्याला मात्र वर्षभर खायला लागतं. चैत्र-वैशाखात शिवार उघडं पडलेलं असताना रुई फुललेली असते. बायको आता टोळ दिसले की मला हाक मारते, कोयता घेऊन येत नाही.

शनिवारी माळेसाठी पानं न्यायला लोक आमच्याकडे येऊ लागले, कारण आसपासची रुई संपली. नाही म्हणता येत नाही. मी एवढंच सांगतो की कोवळा शेंडा खुडू नका, खालची जून पानं घ्या, अंडी बहुतेक वर असतात. तरी काही अंडी मारुतीच्या गळ्यात गेलीच असतील, त्याला चालत असावं.

तारेच्या कुंपणावर पहिल्या पावसात उतरण लावली. ही रुईच्याच भावकीतली वेल, हृदयाच्या आकाराची लवदार पानं, चुरगळली तर उग्र वास, काटेरी मऊ जोडफळं. ज्यांच्याकडे जागा कमी त्यांनी रुईऐवजी हिचा विचार करावा. बी पेरलं की उगवते आणि अंगण अडवत नाही. कडव्याच्या अळ्या हिच्यावरही वाढतात. दारातल्या कण्हेरीसाठी तर काहीच करावं लागलं नाही. तिच्यावर कॉमन क्रो या काळपट फुलपाखराच्या अळ्या निघाल्या आणि त्यांचे कोष आरशासारखे चकचकीत, त्यात आपलं तोंड दिसतं. कण्हेर आपल्याकडे घरोघरी आहे, पानं उलटून बघा फक्त. घोळही मी आता निंदून टाकत नाही. घोळीवर अंडी घालणाऱ्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्याचा वेष घेते, पक्ष्यांना फसवायला. मीही फसतो. तिच्या मागच्या पंखावर मधले काळे ठिपके नसतात, पण ती बसेल तेव्हा ना.

उपळसरीने मात्र अजून दाद दिलेली नाही. क्रोच्या अळ्यांसाठी ती हवी आहे, शिवाय मुळांचा वास मायला आवडतो. मुळाचे तुकडे पावसाळ्यात लावतो, फुटतात, अरुंद पानांवरच्या पांढऱ्या रेघाही दिसू लागतात, आणि मे आला की करपतात. यंदा कडुनिंबाच्या सावलीत, मुरूम जास्त घालून, वर पाचट अंथरून बघणार आहे. खानदेशात काळ्या जमिनीत कुणी उपळसरी टिकवली असेल तर कशी ते सांगा. बदल्यात रुईच्या फांद्या हव्या तेवढ्या न्या, दुकानात मागितल्या तरी चालेल. फक्त त्याच पिशवीत औषधाची बाटली टाकायला सांगू नका.